चाकांवरचं दार

संस्थेच्या तळमजल्यावर, जिथे मोजणीची यंत्रं आणि गुंडाळलेले नकाशे ठेवत त्या लांबलचक खोलीत, एक दार होतं. नुसतं दार. त्याला ना भिंत, ना छप्पर. लाकडी चौकट, कडी, मध्ये पितळी मूठ आणि खाली चार चाकं. परीक्षेच्या दिवशी ते ढकलत खोलीच्या मधोमध आणायचे. दाराच्या अलीकडे विद्यार्थी घाम पुसत उभा असायचा. पलीकडे एक टेबल, दोन खुर्च्या आणि घरमालक.

घरमालक हे विद्यार्थ्यांनी ठेवलेलं नाव. पेशानं ते नट. आयुष्यभर रंगमंचावर हवालदार, शिपाई, दुसरा शेजारी असली कामं केली. एका नाटकात तर पडदा उघडायच्या आधीच मेलेला वकील झाले होते आणि अख्खा पहिला अंक शिंक दाबून पडून राहिले होते. मुख्य भूमिका काही नशिबी आली नाही. ती आली उतारवयात, आणि तीही या संस्थेत.

संस्थेत पूरपट्ट्याचं शिक्षण मिळे. नदीला पूर आला की पाणी जिथवर पसरतं तो पट्टा. त्यात कुठे बांधावं, कुठे बांधू नये, कुणाला वेळेवर उठवून दुसरीकडे न्यावं, हे सगळं बघणारी माणसं इथे तयार होत. मुलंमुली हुशार. जमिनीची उंची मोजणं, जुन्या पुराच्या खुणा शोधणं, नकाशावर पूररेषा ओढणं, सगळं त्यांच्या हातचा मळ. पण नोकरीला लागल्यावर कधी ना कधी कुणाच्या तरी दारात उभं राहून "तुमचं घर रेषेच्या आत आहे, इथून निघा" असं सांगायची वेळ येई, आणि तिथे घोडं अडे.

"नकाशा चिडत नाही," विभागप्रमुख बाई म्हणत. "माणूस चिडतो. तेव्हा आधी खोट्या माणसाच्या शिव्या खा, म्हणजे खऱ्याच्या पचतील." या बाईंना सगळे मागून पूरबाई म्हणत, कारण त्या एकदा बोलायला लागल्या की त्यांना अडवणारा बांध अजून कुणी बांधला नव्हता. दाराची कल्पना त्यांचीच, आणि घरमालकांना शोधून आणलं तेही त्यांनीच. अट एकच घातली होती. पटलं तर आणि तरच 'हो' म्हणायचं. पोरगं रडकुंडीला आलं म्हणून नाही, आपल्याला भूक लागली म्हणून नाही.

घरमालकांनी ही अट इतकी मनावर घेतली की इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून एकदाही 'हो' निघालं नव्हतं. पास व्हायला ते लागत नसे, हे एक बरं. नाहीतर संस्थेतून एकही विद्यार्थी बाहेर पडला नसता. घंटा होईपर्यंत बोलणं चालू ठेवायचं आणि घरमालकांनी तोंडावर दार आपटू नये एवढं बघायचं, की झालं. पण तेवढ्यातच भल्याभल्यांच्या नाकी नऊ येत.

एक जण आकडे घेऊन आला. "काका, हा शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर आहे..."

"तो गेल्या वेळी येऊन गेला," घरमालक म्हणाले. "म्हणजे आता नव्व्याण्णव वर्षं निवांत. तोवर तूही निवृत्त होशील, मीही."

तसं नसतं, दर वर्षी तेवढीच शक्यता असते, हे त्या बिचाऱ्याला उत्तम माहीत होतं. वर्गात त्यानं ते फळ्यावर सोडवूनही दाखवलं होतं. पण दारात उभं राहून सांगताना त्याची अशी काही त-त-प-प झाली, की शेवटी घरमालकांनीच त्याला पाणी दिलं आणि मग दार लावलं.

दुसरी एक भीती घालायला गेली. "काका, तुम्ही बुडाल!" "आधी तू बोलायला शीक," म्हणून घरमालक असे कडाडले की मागे बसलेल्या परीक्षकांच्या हातातली पेनं खाली पडली.

आणि कुणी फारच चिवट निघालं, कशालाच दाद देईना, तर घरमालक हुकमी पान काढत. आत स्वयंपाकघरात गेल्यासारखं करून हाक मारत, "अगं, ऐकलंस का, घर सोडा म्हणतायत!" मग परत येऊन दोन्ही हात पसरत. "माझी बायको तयार नाही. मी काय करू?" यावर आजवर कुणाचीच डाळ शिजली नव्हती. न दिसणाऱ्या बायकोशी कोण भांडणार?

आता खरी गंमत अशी, की हे सगळं नाटक नव्हतं.

घरमालक खरोखरच नदीकाठच्या सखल गल्लीत राहत होते, स्वतःच्या घरात. संस्थेत हे कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. गेल्या पुरात पाणी पलंगाच्या वर चढलं होतं. ओसरल्यावर चिखल काढताना त्यांची बायको पाय घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून ती काठी टेकत चाले. पलंगापासून दारापर्यंत यायला तिला इतका वेळ लागे, की तेवढ्यात पाणी आरामात आत आलं असतं. नदी विभागानं त्या गल्लीतल्या सगळ्यांना वरच्या रस्त्याला नवं घर देऊ केलं होतं, तेवढंच मोठं, पहिल्या मजल्यावर, लिफ्टसकट. सही मात्र महिनाअखेरीच्या आत करायची. त्यानंतर योजना बंद, आणि पुढचा पावसाळा ज्याचा त्यानं पाहायचा. गल्लीतल्या बहुतेकांनी सह्या करून बांधाबांध सुरू केली होती. घरमालकांकडे विभागाचे साहेब येऊन गेले, पुन्हा आले, आणि हात टेकून परत गेले. संस्थेत जे वाक्य रंगे ते घरमालक गल्लीत वापरत, आणि गल्लीत जे चाले ते संस्थेत. दोन्हीकडे धंदा तेजीत.

घर का सोडायचं नव्हतं? ते स्वतःलाही धड सांगत नसत. पण संध्याकाळी ते दाराबाहेरच्या पायरीवर बसले की जाणारा-येणारा थांबे, एखादी नक्कल करून दाखवा म्हणे, आणि हा हा म्हणता चार माणसं जमत. नव्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर कोण थांबणार होतं? लिफ्टमध्ये माणसं छताकडे बघत उभी राहतात. तिथे आपण पुन्हा दुसरे शेजारी होऊ, याची त्यांना धास्ती वाटे. लोकांना मात्र ते एवढंच सांगत, "बायको तयार नाही."

महिनाअखेर तोंडावर आली तशीच परीक्षाही आली. परीक्षा दोन दिवसांची. पहिल्या दिवशीच्या यादीत शेवटची होती हळूबाई.

हे नाव तिला वर्गातल्यांनी दिलं होतं. कुणी काही विचारलं की ती आधी विचार करी आणि मग बोले. तेवढ्यात दुसराच कुणीतरी उत्तर देऊन मोकळा होई. मोजणीत मात्र तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. जमिनीचा उतार ती नुसत्या नजरेनं सांगे, आणि यंत्र लावून पाहिलं की तेवढाच निघे. पण दारात तिचा निभाव लागत नसे. घरमालक गरजत, ती विचार करू लागे, आणि तिचा विचार पुरा व्हायच्या आत दार बंद. दोनदा असंच झालं होतं. आता ही तिसरी आणि शेवटची संधी. यात गेली तर पदवी गेली आणि नदी विभागात ठरलेली नोकरीही गेली. दोन्ही वेळा घरी जाताना घरमालकांना चुटपुट लागून राहिली होती. पण अट म्हणजे अट.

दारावर टकटक झाली. घरमालकांनी शर्टाची वरची दोन बटणं उघडली, केस विस्कटले आणि दार उघडलं. आज ते निवृत्त टपालवाले होते.

"नमस्कार काका. मी नदी विभागातून आले आहे."

"पुन्हा? परवाच एक येऊन डोकं खाऊन गेला. आम्हाला काही नको."

हळूबाईनं विचार केला. घरमालकांचा हात मुठीकडे गेला.

"मलाही काही नको," ती म्हणाली. "घर बघू का?"

घरमालक थबकले. आजवर कुणी घर बघायला मागितलं नव्हतं. बघण्यासारखं होतं काय? टेबल आणि दोन खुर्च्या. पण नटाला आयतं मैदान मिळालं, तो कशाला सोडतोय?

"बघ की! ये. ही बाहेरची खोली. ही खिडकी, गल्लीकडची. इथे पलंग. हे कपाट, आमच्या लग्नातलं. आणि आत स्वयंपाकघर." ते पुढे आणि ती मागे, अशी त्या मोकळ्या फरशीवर दोघांची वरात निघाली. कोपऱ्यात बसलेले दोघे परीक्षक माना वळवून बघत राहिले. एक पूरबाई, दुसरे बाहेरून बोलावलेले एक अभियंता साहेब, ज्यांचा एक डोळा कायम घड्याळावर असे.

"मागे दार आहे?" हळूबाईनं विचारलं.

"नाही. मागे भिंत."

"म्हणजे बाहेर पडायचं ते पुढच्याच दारातून."

"नाहीतर खिडकीतून उडी मारायची. मारू?"

"तुम्ही माराल. काकू?"

हे जरा झोंबलं. घरमालकांनी आवाज चढवला. "काकूंना मध्ये आणू नकोस! तिच्यासाठीच तर अडलंय सगळं. माझी बायको तयार नाही. तिला हे घर सोडवत नाही. झालं समाधान? नीघ आता."

हुकमी पान पडलं. इथे सगळे गप्प होत. हळूबाईही गप्प झाली. घरमालक मुठीपर्यंत पोचले, दार ओढलं, आणि ती म्हणाली, "मग मी त्यांच्याशीच बोलते."

"झोपली आहे ती."

"थांबते," हळूबाई म्हणाली आणि सरळ दुसऱ्या खुर्चीत जाऊन बसली.

आता मात्र पंचाईत झाली. घरमालकांनी हवालदार म्हणून, शिपाई म्हणून, प्रेत म्हणूनसुद्धा रंगमंचावर वेळ काढला होता. पण समोरचं पात्र काहीच बोलत नाही आणि जातही नाही, असा प्रसंग त्यांच्यावर कधी आला नव्हता. ते उरलेल्या खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले.

"चहा मिळायचा नाही हं."

"नको."

"ती दुपारभर झोपते."

"बरं."

अभियंता साहेब खाकरले. ज्यांना एक क्षण गप्प बसवत नसे त्या पूरबाई हनुवटीखाली हात धरून चिडीचूप बसल्या होत्या. शेवटी घरमालकांनाच शांतता सहन होईना. "बघतो उठली का," म्हणून ते आत जाऊन आले. "नाही उठली."

हळूबाई जरा पुढे वाकली आणि फक्त त्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "काका, इथली फरशी सपाट आहे."

"मग?"

"तुम्ही स्वयंपाकघरात जाताना दर वेळी एक पायरी उतरता. येताना चढता. मागे इतरांच्या परीक्षा बघत बसायचे तेव्हा तुम्ही दुकानदार होतात, त्याच्या आधी बसचे चालक. धंदा बदलतो, पायरी तीच राहते." ती थांबली, आणि या वेळी घरमालकांनी तिला तोडलं नाही. "ते घर खरं आहे ना?"

घरमालकांनी खाली स्वतःच्या पायांकडे पाहिलं. जन्मभर ज्या नटानं ताकास तूर लागू दिली नव्हती, त्याच्या पायांनीच घात केला होता. आवाज बदलला, चाल बदलली, बटणं उघडली, केस विस्कटले; आणि पाय आपले इमानदारीनं रोज स्वतःच्याच स्वयंपाकघरात उतरत राहिले.

"आणि घर खरं असेल तर काकूही खऱ्या असतील," हळूबाई म्हणाली. "त्या खरंच नाही म्हणाल्या?"

"म्हणजे काय! म्हणाली ना," असं बोलायला घरमालकांनी तोंड उघडलं. उघडलेलं तोंड तसंच राहिलं. ती कधी म्हणाली होती? जेवताना? साहेब येऊन गेले त्या दिवशी? ते आठवायला लागले. आपण काय म्हणालो ते सगळं आठवत होतं, शब्द न् शब्द. ती काय म्हणाली ते मात्र काही केल्या आठवेना. कारण तिला विचारल्याचंच आठवत नव्हतं.

घंटा झाली. हळूबाई उठली. "उद्या येते, काका. तोवर त्यांना विचारून ठेवा." ती बाहेर पडली आणि दार हलकेच लावून गेली.

"हे काय?" अभियंता साहेब म्हणाले. "परीक्षेत कधी उद्या असतो का?"

"नोकरीत असतो," पूरबाई म्हणाल्या. "पहिल्या फेरीत घर सोडणारा माणूस तुम्ही पाहिलाय का कुठे? मी नाही पाहिला. सकाळी तिला पहिली घेऊ. निकाल तेव्हा."

घरमालक पायीच घरी गेले. वाटेत त्यांनी प्रश्नाची तालीम केली. साधा प्रश्न, एका दमात म्हणता येण्यासारखा. पण घरात पाऊल टाकलं आणि बायको पलंगाच्या कडेला वर्तमानपत्र वाचत बसलेली दिसली, तशी त्यांची पाचावर धारण बसली.

"काय गं..." ते म्हणाले.

"काय?"

"चहा घेतेस?"

ती म्हणाली, करा. त्यांनी केला. मग पुन्हा, "मी काय म्हणत होतो..." आणि म्हणाले काय, तर खिडकीची कडी बसवायला हवी. थोड्या वेळानं पुन्हा सुरुवात केली आणि गाडी शेजाऱ्यांच्या सामानावर नेऊन थांबवली. भल्याभल्या हट्टी पोरांना पाणी पाजणारा हा माणूस, पण स्वतःच्या बायकोला एक प्रश्न विचारायला त्याची छाती होईना. ती 'नाही, मला इथेच राहायचंय' म्हणाली असती तर प्रश्न मिटला असता. पण ती दुसरंच काही म्हणाली तर? मग इतके दिवस आपण कुणाच्या नावावर बोलत होतो?

"तुमचं आज काय बिनसलंय?" शेवटी तिनंच विचारलं.

"उद्या माझं काम बघायला येतेस का?" घरमालक एकदम म्हणाले. "संस्थेत. रिक्षानं जाऊ."

तिनं वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. "इतक्या वर्षांत कधी बोलावलं नाहीत."

"उद्या बोलावतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तिला घेऊन लवकर पोचले. पूरबाईंच्या कानात त्यांनी दोन वाक्यं सांगितली. बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि मान हलवली. बायकोला त्यांनी चाकांच्या दारापलीकडे खुर्चीत बसवलं. काठी टेबलाला टेकवून ठेवली.

"मी काय करायचं?" ती म्हणाली. "मला नाटकातलं काही येत नाही हं."

"काही करू नकोस. विचारतील त्याला उत्तर दे."

अभियंता साहेबांनी पूरबाईंना हळूच विचारलं, "आणखी एक नटी आणली वाटतं?" बाई चक्क काही बोलल्या नाहीत.

टकटक झाली. घरमालकांनी आज बटणं उघडली नाहीत, केसही विस्कटले नाहीत. दार उघडलं. हळूबाईनं त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या खांद्यावरून आत, खुर्चीतल्या बाईकडे. काठीकडे पाहिलं. बराच वेळ विचार केला. कुणीही घाई केली नाही.

"काकू, उठलात?" ती म्हणाली.

"मी झोपले कुठे होते?" बायको म्हणाली.

हळूबाई आत आली, आणि दुसऱ्या खुर्चीत न बसता काकूंच्या समोर फरशीवरच बसली. "काकू, मी नदी विभागाचं काम शिकते. काल तिथल्या यादीत काकांचं नाव सापडलं. तुमच्या गल्लीतले लोक वरच्या रस्त्याला राहायला चाललेत. तुम्हाला जायचंय का?"

"मला?"

"तुम्हाला."

बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे फरशीवर. मग ती हळूबाईकडे वळली आणि रोजच्या आवाजात, भाजी कुठली आणायची हे सांगावं तसं, बोलू लागली.

"मला केव्हाचं जायचंय. गेल्या वेळी पाणी आलं तेव्हा ह्यांनी मला टेबलावर बसवलं आणि हे शेजारच्या म्हाताऱ्याला आणायला गेले. चांगलंच केलं, त्याला कोण होतं? पण मी टेबलावर एकटी. पाणी वर येताना आवाज करत नाही, ठाऊक आहे? नुसतं येतं. खुर्ची तरंगली, मग माझी शिवणाची टोपली तरंगली. तेव्हापासून पाऊस लागला की मी बूट घालून झोपते."

"बूट?" घरमालकांचं तोंड उघडं पडलं. "अगं, पाय गार पडतात म्हणालीस ना! मी मोजे आणून दिले!"

"ते बुटांच्या आत घालते. छान आहेत."

अभियंता साहेबांनी घड्याळाकडे बघणं सोडून दिलं होतं. "काय सहज बोलतात हो या," ते पूरबाईंच्या कानाशी पुटपुटले. "यांना कायमच्या ठेवून घ्या." पूरबाईंनी त्यांना कोपरानं ढोसलं. त्यांचे स्वतःचे डोळे भरले होते, आणि ते साहेबांना दिसू नयेत म्हणून त्या छताकडे बघत होत्या.

"मग मला बोलली का नाहीस?" घरमालक म्हणाले. हा आवाज हवालदाराचा नव्हता, टपालवाल्याचा नव्हता. शेवटच्या रांगेपर्यंत तो पोचला नसता.

"कधी बोलणार? रोज सकाळी दाढी करताना आरशासमोर तुमचं चालू. 'माझी बायको हे घर सोडणार नाही! या भिंतींत तिचा जीव अडकलाय!' इतकं छान म्हणता. मी आत ऐकत असते. मला वाटायचं, माणसाला एवढं मनापासून वाटतंय, तर आपण कशाला मोडता घालायचा?"

"अगं, ती तालीम होती!"

"मला काय माहीत? साहेब घरी आले तेव्हाही तेच म्हणालात. तेव्हा कसली तालीम होती?"

घरमालक मटकन खुर्चीत बसले. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं बोलल्यावर त्यांना एकदाचं स्वतःचं वाक्य मिळालं होतं, आणि त्या वाक्याच्या आड ही बाई बूट घालून जागी पडून होती. त्यांना स्वतःची लाज वाटली. तिच्याविषयी इतकी माया दाटून आली की कुठे बघावं ते कळेना. त्यांनी हात पुढे करून तिच्या गुडघ्यावर ठेवला. तिनं तो राहू दिला.

हळूबाई वळून म्हणाली, "आणि तुम्ही, काका?"

नाही म्हणायची घरमालकांची वाक्यं रांगेनं हजर होती. नव्व्याण्णव वर्षं, भिंती, लग्नातलं कपाट. होकाराचं वाक्य मात्र त्यांनी कधी पाठ केलं नव्हतं. त्यांनी हळूबाईकडे पाहिलंच नाही. ते बायकोला म्हणाले, "जाऊ या आपण. मला तिथे करमणार नाही. पण जाऊ या."

"करमेल," बायको म्हणाली. "माझ्याशी बोला."

पूरबाईंनी समोरच्या कागदावर हळूबाईच्या नावापुढे इतक्या जोरात खूण केली की कागद फाटला. साहेब म्हणाले, "अहो, पण अजून घंटा झालेली नाही." त्यावर बाईंना अखेर वाचा फुटली आणि त्या घंटेविषयी जे काही बोलल्या ते साहेबांना जन्मभर पुरलं असतं.

"सही कुठे करायची असते गं?" बायकोनं हळूबाईला विचारलं.

"पुलाजवळच्या कचेरीत, काकू. उद्या शेवटचा दिवस आहे."

"मग आजच जाऊ. उद्यापर्यंत ह्यांना काहीतरी नवीन सुचेल." तिनं काठी घेतली आणि दुसरा हात नवऱ्यापुढे धरला. "उठा."

दाराबाहेर पुढचा विद्यार्थी केव्हाचा उभा होता. फाइल छातीशी धरून, डोळे मिटून, रात्रभर पाठ केलेलं भाषण तो मनातल्या मनात म्हणत होता. घरमालकांपुढे आजवर कुणाचा टिकाव लागलेला नाही हे त्याला थोरल्यांनी पढवून ठेवलेलं. त्यानं मोठा श्वास घेतला आणि टकटक करायला हात उचलला, तोच दार आतून उघडलं.

"नमस्कार काका, मी नदी विभागातून आलोय, तुमचं घर..."

"हो हो, पटलं," घरमालक म्हणाले. "निघालोच आम्ही. जरा दार धरतोस का?"

त्यानं दार धरलं. घरमालकांची बायको काठी टेकत, त्यांच्या दंडाला धरून, सावकाश बाहेर पडली.